वरच्या खणातला मिस्त्री

मिस्त्रींचे बूट कचऱ्याच्या डब्यात सापडले. आधी त्यांनी चपलांच्या रॅकवर शोधले, मग रॅकच्या मागे, मग लॉकरच्या रांगेखाली वाकून पाहिलं. शेवटी सफाईवाल्या बाईने डब्याकडे बोट दाखवलं आणि ती फरशी पुसत पुढे गेली. साइटवर घालायचे ते जड बूट दाढीच्या फेसात आणि ओल्या कागदांत रुतले होते. मिस्त्रींनी ते काढले आणि बेसिनमध्ये धुवायला घेतले. शेजारी दात घासणारे दोघे आपापलं पाणी बंद करून पलीकडच्या नळांवर गेले. तिसरा हलला नाही. तो मिस्त्रींच्या खालच्या खणात राहायचा, विमा विकायचा आणि आंघोळीआधीसुद्धा गळ्यात टाय अडकवून हिंडायचा. त्याचे डोळे लाल झाले होते.

"कुणी केलं हे?" मिस्त्रींनी आरशातूनच विचारलं.

"चालत गेले असतील," टायवाला म्हणाला आणि खळखळून चूळ भरली.

ओल्या बुटांनीच मिस्त्री कामावर गेले.

त्या जागेला हॉटेल म्हणत, पण तिथे खोली नावाची गोष्टच नव्हती. जुन्या गोदामाच्या चौथ्या मजल्यावर प्लास्टिकचे खण एकावर एक रचले होते, दोन्ही बाजूंना रांगेने. खणात डोकं आधी घालून रांगत शिरायचं. बसलं तर मान वाकडी, झोपलं तर पाय भिंतीला. एक दिवा, एक पंखा, फोन चार्ज करायला एक पिन आणि दाराऐवजी खाली ओढायचा पडदा. शेजाऱ्याने कूस बदलली तरी आपला खण हलायचा. सकाळी सगळ्यांना बाहेर काढून साफसफाई व्हायची आणि खोट्या फुलांचा वास मारला जायचा. तो वास मिस्त्रींच्या शर्टातून जाता जात नव्हता.

कंपनीने त्यांना इथे ठेवलं, कारण नव्या टॉवरची साइट पायी जाण्याइतक्या अंतरावर होती. टॉवरला लिफ्ट बसवायचं काम होतं आणि त्यानंतर मिस्त्री निवृत्त व्हायचे होते. उभा जन्म लिफ्टच्या शाफ्टमध्ये गेला, तेव्हा शेवटचं काम शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीचं मिळावं, ही त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी साहेबाच्या मागे लकडा लावला होता. साहेबाने लॉकरची किल्ली हातात देतानाच सांगून टाकलं, की तुमच्या वयाचा माणूस पाठवायला वरून नकार होता, मी शब्द टाकलाय. इथून तक्रार आली तर मी दुसरी सोय करणार नाही, परत पाठवीन.

आणि इथे तर पहिल्या आठवड्यापासूनच लोक हात धुऊन मागे लागले होते. खालून कुणीतरी छत्रीच्या टोकाने त्यांच्या फळीला ढोसायचं. एकदा उशी ओली केलेली सापडली. एकदा पडद्याची दोरी कापलेली. काउंटरवरच्या मुलीने त्यांचा खण दोनदा बदलला. कारण विचारलं तर म्हणाली, कॉम्प्युटरवर तसंच आलंय. मिस्त्रींनी आपल्या परीने अर्थ लावला. ही सगळी इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं, त्यांना ग्रीसने काळी पडलेली नखं शेजारी नको होती. मग मिस्त्रीही मागे हटले नाहीत. पहाटे उठल्यावर लॉकरचं दार मुद्दाम आपटायचं, हत्यारांची पिशवी दाणकन ठेवायची, कुणी वाट मागितली की आरामात नाडी बांधत बसायचं. जशास तसं वागल्याचं त्यांना समाधान मिळायचं. तेवढंच समाधान.

घरी तरी काय वेगळं होतं? काही वर्षांपूर्वी बायकोने आपली गादी उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. गुडघे दुखतात, पलंग उंच पडतो, एवढंच म्हणाली. तेही ठीक होतं. पण ती आतून कडी लावायची. ती कडी मिस्त्रींच्या काळजात रुतली. नवरा म्हणजे काय चोर? त्यांनी विचारलं नाही, भांडणही केलं नाही, फक्त बोलणं टाकलं. हवं-नको ते मुलीला सांगायचे. मुलीचं लग्न झाल्यावर भिंतीला सांगू लागले. "चहा लागेल," असं भिंतीला म्हटलं की थोड्या वेळाने कप समोर यायचा. कधीकधी फार वेळाने यायचा. मुलगी माहेरी आली की दोघांना समोरासमोर बसवून बघायची, आणि हरून परत जायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी काउंटरवरची मुलगी मिस्त्रींना बोलवायला आली. बसायच्या खोलीत सात-आठ जण आधीच जमले होते. टायवाल्याने टेबलावर फोन ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट आवाजात बोलला.

"मिस्त्री, तुम्ही मशीनमधले जाणकार. जरा हे ऐका आणि सांगा, काय बिघडलंय."

मिस्त्रींना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, छातीच फुगली. ते खुर्ची ओढून बसले आणि फोन कानाशी धरला. आधी जड काहीतरी ओढल्यासारखी घरघर, मग खरवडल्यासारखा आवाज, तो चढत चढत जायचा आणि एकदम बंद. बराच वेळ काहीच नाही. मग हिसका बसून पुन्हा सुरू.

"बेअरिंग कोरडं पडलंय," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "ते एक वेळ चालेल. पण मधे हे जे थांबतंय, ते वाईट. असं मशीन कुणी चालू ठेवत नाही. एखाद्या दिवशी थांबलं की थांबलंच."

पहिल्यांदा एक जण फुसकन हसला, मग सगळेच. मिस्त्री त्यांच्याकडे बघत असतानाच फोनमधून एक वैतागलेला आवाज आला, "अरे, त्या वरच्या म्हाताऱ्याला कुणीतरी हलवा रे."

मिस्त्रींनी फोन हळूच टेबलावर ठेवला. कानाच्या पाळ्या चटका बसल्यासारख्या तापल्या होत्या. काउंटरवरची मुलगी हसली नव्हती. तिने सांगितलं, की तुमच्यामुळे दोन गिऱ्हाइकं हॉटेल सोडून गेली, मालक मला बोलतो. आता तक्रार आली तर मला तुमच्या कंपनीला कळवावं लागेल.

"आधी का नाही सांगितलं?" मिस्त्री म्हणाले.

"सांगितलं," टायवाला म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, मी घोरत नाही, माझ्या बायकोला विचारा."

असं म्हटल्याचं मिस्त्रींना आठवलं.

मग त्यांनी झोपायचंच नाही असं ठरवलं. खणात पाठ टेकून, मान वाकवून ते बसून राहायचे. डोळा लागायला लागला की मनगटाला चिमटा. कधी जिन्यात जाऊन उभे राहायचे. खालची छत्री थांबली, पण कुणी बोलायलाही आलं नाही. बेसिनवर लोक आपले दूर सरकायचेच, सवयीने. साइटवर मिस्त्रींचा हात जड पडू लागला. नट एकदा आवळलाय की दोनदा, ते आठवेना. जोडीदाराने विचारलं, बरं नाही का? मिस्त्रींनी त्याला आपलं काम बघायला सांगितलं. हा जोडीदार त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झालेला, कितीतरी वर्षं बरोबर. वर मिस्त्री असले की खाली तो, हे ठरलेलं.

ते घडलं तेव्हा मिस्त्री लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभे होते. कमरेला पट्टा होता, म्हणून ते पडले नाहीत. मधलं त्यांना काहीच कळलं नाही. समोर लिफ्टचा रूळ होता, मग नव्हता, मग खालून लोखंड आदळल्याचा आवाज शाफ्टभर घुमत वर आला आणि त्यांनी हाताकडे पाहिलं. हातातला पाना गेला होता.

शाफ्टच्या तळाशी जोडीदार होता. मिस्त्रींनी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग जिन्यावर पावलं वाजू लागली, मजल्यामागून मजला, आणि जोडीदार दारात उभा राहिला. शर्ट खांद्यावर फाटला होता, आत सालटं निघालं होतं. चेहरा चुन्यासारखा पांढरा. मिस्त्री छतावरून उतरून त्याच्याजवळ गेले, तशी त्याने काडकन त्यांच्या मुस्कटात मारली.

"मला दोन लेकरं आहेत," तो म्हणाला. "तू झोपला होतास. मी खालून कडेच्या फटीतून बघत होतो, तुझी मान पडली होती." इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच एकेरीवर आला होता.

साहेब आला. पाना निसटला असेल, ग्रीसचा हात होता, असं स्वतःच म्हणायला लागला, कारण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. जोडीदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्रींनी हेल्मेट काढलं.

"निसटला नाही," ते म्हणाले. "मी झोपलो होतो. मला शाफ्टमध्ये पाठवू नका."

साहेब म्हणाला, की मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता. एवढंच म्हणाला आणि वळला.

टॉवरच्या अर्धवट जिन्यावर बसून मिस्त्रींनी घरी फोन लावला. बायकोने उचलला आणि लेकीचा फोन समजून बोलू लागली. मिस्त्रींनी घसा साफ केला.

"मी घोरतो का?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांनी नवरा थेट बोलला आणि हे बोलला. दुसरी कुणी असती तर हसली असती, किंवा रडली असती. बायको यातलं काही करणारी नव्हती.

"आता कळलं?" ती म्हणाली.

"सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा, तुमच्या आईसमोर. घरभर हशा झाला आणि तुम्ही महिनाभर जेवणाच्या ताटावर तोंड उघडलं नाहीत. पुन्हा कशाला सांगू?" ती थांबली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. "आवाजाचं काही नाही हो. आवाजाची सवय झाली होती. तुमचा श्वास थांबायचा. मी पडल्या पडल्या वाट बघायचे, येतोय की नाही. नाही आला की हलवायचे. मग तुम्ही ओरडायचात, झोपू देत नाहीस म्हणून. सकाळी तुम्हाला उंचावर चढायचं असायचं, म्हणून तेही सोडलं. नुसती जागी राहायचे."

"म्हणून स्वयंपाकघरात गेलीस?"

"चक्कर येऊन पडले, तेव्हा गेले. डॉक्टर म्हणाले, झोप नसेल तर माझं काही खरं नाही. तुम्ही तेव्हा साइटवर होतात."

मिस्त्रींना पुढचं विचारायचं नव्हतं. पण ते इतकी वर्षं तोंडाशी येऊन थांबलेलं होतं.

"आणि कडी?"

"कडी तुमच्यासाठी नव्हती," बायको म्हणाली. "माझ्यासाठी होती. दार उघडं असलं की मी उठून यायचे बघायला. कडी काढायचा कंटाळा यावा म्हणून लावायचे. तरी कितीदा आलेच." मग तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा कोरडा झाला. "आणखी काही हवंय का? गॅसवर दूध आहे."

मिस्त्रींनी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खणातून पिशवी काढली आणि चादर घडी करून काउंटरवर दिली. मुलीने किल्ली घेतली, वर पाहिलंही नाही. दारात टायवाला बूट घालत होता. मिस्त्री बाजूने जायला लागले, तसा तो नाडीवरची नजर न काढता म्हणाला, "त्या थांबण्याचं डॉक्टरांना दाखवा. आम्हाला शिव्या द्यायला बरं होतं, पण ते ऐकून भीती वाटायची." मिस्त्रींनी मान हलवली. त्याने ती पाहिली की नाही, कुणास ठाऊक.

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. बायकोने दार उघडलं. काम सुटलं का, किती दिवसांसाठी आलात, काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि आत गेली. मिस्त्री पाणी प्यायले, हातपाय धुतले आणि मग पलंगावरची आपली गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत आणली. स्वयंपाकघरातली तिची गादी उचलली. ती पातळ होऊन गेली होती, मधे कापूस उरलाच नव्हता. तिच्याऐवजी त्यांनी कपाटातली जाड गादी काढली आणि पलंगावर घातली. बायको दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"हे काय नवीन?"

"झोप," मिस्त्री म्हणाले. भिंतीला नाही, तिला. "मी बाहेर जागा आहे."

"भरदुपारी कुणी झोपतं का? भांडी पडलीत."

"मी घासतो."

"तुम्ही घासलेली मला परत घासावी लागतील," ती म्हणाली. त्यांच्याकडे तिने अजिबात मऊ नजरेने पाहिलं नाही. एवढ्या वर्षांचं काही एका गादीने फिटत नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं आणि मिस्त्रींनाही ते कळत होतं. ती आत गेली, दार लोटलं. पलंग करकरला. मग काही आवाज आला नाही.

मिस्त्रींनी भांडी घासली, एकेक करून, धक्का न लावता. नळाची धार बोटाएवढी बारीक ठेवली. मग बाहेरच्या पायरीवर येऊन बसले. शेजारीण हातात वाटी घेऊन अंगण ओलांडताना दिसली, तसे ते लगबगीने उठले आणि तिने हाक मारायच्या आत फाटकाशी जाऊन उभे राहिले.

"झोपलीय," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "उठली की सांगतो."

शेजारणीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा बंद दाराकडे पाहिलं, आणि वाटी त्यांच्या हातात देऊन ती गेली. मिस्त्रींनी फाटकाची कडी आवाज न करता लावली. पायरीवर आता ऊन आलं होतं. वाटी मांडीवर धरून ते त्या उन्हातच बसून राहिले.