साचा बसेना

डॉक्टरांनी टेबलावर पांढरी हाडं ठेवली आणि म्हणाले, "मावशी, ही तुमची मान."

हरणाबाईनं झटकन हात मागं घेतला. माणसाची हाडं बघायची ती सावडायच्या दिवशी, राखेत. जित्या माणसापुढं त्याचीच हाडं मांडल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"आई, प्लास्टिकची हायेत ती," शेजारी बसलेली तिची लेक अपेक्षा म्हणाली. "तुझ्या स्कॅनवरनं मशीननं छापल्यात."

दाराला टेकून उभ्या असलेल्या नवऱ्यानं, बिराप्पानं, टोपी काढून हातात घेतली.

हरणाबाईचा संधिवात जुना. पण गेल्या वर्षापासून बोटं बधिर पडत चालली होती. पीठ मळताना ओलं-कोरडं कळत नव्हतं, ब्लाऊजची हुकं लागत नव्हती. मान खाली घातली की पाठीतनं करंट उतरायचा तो थेट टाचेपर्यंत. कवठे महांकाळच्या डॉक्टरांनी मिरजेला धाडलं, आणि मिरजेत डॉक्टर आर्जव मगदुमांनी सांगितलं, की मानेतला सगळ्यात वरचा मणका खालच्यावरून सरकतोय, आत मज्जारज्जू दाबला जातोय. दोन्ही मणके स्क्रूनं जखडावे लागतील.

"स्क्रूच्या एका बाजूला मज्जारज्जू, दुसऱ्या बाजूला मेंदूला रक्त नेणारी वाहिनी," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या डावीकडं ती वाहिनी नेहमीपेक्षा वर आहे. जागा अगदी थोडी उरते. म्हणून हे केलंय." त्यांनी दोन नळ्या असलेला एक तुकडा त्या हाडावर दाबला. डब्याला झाकण लागावं तसा तो बसला. "हा साचा. तुमच्या हाडाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाडावर बसायचा नाही. ड्रिल या नळीतूनच जाईल, म्हणजे वाट चुकणार नाही."

"आन् चुकलीच तर?" बिराप्पानं विचारलं.

"हातपाय जाऊ शकतात. जीवसुद्धा," डॉक्टर सरळ म्हणाले. "पण ऑपरेशन केलं नाही तरी हळूहळू तेच होणार. आणि मानेला जोराचा हिसका बसला, तर एका क्षणात. मानेचा पट्टा काढायचा नाही, मावशी."

पुढच्या आठवड्याची तारीख ठरली.

घरी आल्यावर हरणाबाई चालायची ती डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असल्यासारखी. ठसका आला तरी दोन्ही हातांनी गळ्याचा पट्टा धरायची. तरी एका दुपारी, घरात कुणी नसताना, शेळीचं दावं सुटलं. मागनं धरायला गेली तर त्या शेळीनं हिसडा दिला आणि हरणाबाई पाठीवर आपटली. मानेचा मागचा भाग पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर बसला.

आभाळ दिसत होतं. पायाला हल म्हटलं, पाय हलेना. ओरडावं तर आवाज फुटेना. शेळी जवळ येऊन तिच्या पदराचा वास घेऊन गेली. एका क्षणात, डॉक्टर म्हणाले होते. हाच तो क्षण असं तिला वाटलं.

मग अंगठा हलला. नंतर पाऊल. बऱ्याच वेळानं ती कुशीवर वळली, रांगत भिंतीपाशी गेली आणि बसून राहिली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं. मान दुखायची ती आधीपासूनच दुखत होती. घरच्यांना फरक कळला नाही. भरती होताना काढलेल्या एक्स-रेतही काही दिसलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी तिला स्ट्रेचरवरून आत नेताना अपेक्षा सोबत चालत होती. बिराप्पा मागंच राहिला.

शुद्धीवर आली तेव्हा मानेमागं आग होत होती. झालं एकदाचं, असं वाटून तिनं बोटं एकमेकांवर घासली. तशीच बधिर. उशाशी डॉक्टर उभे होते.

"मावशी, ऑपरेशन झालेलं नाही," ते म्हणाले. "मी मान उघडली, साचा हाडावर ठेवला, पण तो डळमळत होता. हाड परत साफ करून बघितलं, तरी बसेना. हाडाची एक कड तुटलेली आहे. एक्स-रे बघत नुसत्या हातानं स्क्रू घालता आला असता, पण तुमच्या त्या रक्तवाहिनीजवळ मी ते धाडस केलं नाही. एकही छिद्र न पाडता टाके घातले." मग त्यांनी विचारलं, "स्कॅननंतर कुठं पडला होता का?"

हरणाबाईनं डोळे मिटले. बिराप्पा पायथ्याशी होता. त्याची नजर तिला न बघताच कळली.

"व्हय," ती म्हणाली. "डोणीवर पडले."

"आणि बोलली न्हाईस?" बिराप्पाचा आवाज चिरकला. "आगं, जिवाशी खेळ हाय का ह्यो?"

"भ्या वाटलं."

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "मीही विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही." मग नवा स्कॅन, नवा साचा, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, असं त्यांनी सांगितलं.

ते गेल्यावर बिराप्पा कॉटवर येऊन बसला. "चल घरी. देवानंच आडवलंय. एकदा उघडून मिटली, आता परत कशाला?"

"दादा, घरी नेऊन काय करणार?" अपेक्षा बापाला म्हणाली.

"तू गप. आत काय करत्यात ते आपल्याला दिसतंय व्हय?"

हरणाबाई छताकडं बघत होती. पहिल्यांदा जाताना पुढं काय आहे ते तिला माहीत नव्हतं. आता माहीत होतं: तो थंड हॉल, तोंडावर येणारा मास्क, आणि मानेमागची ही आग.

"आवं," ती म्हणाली, "त्यास्नी काय, स्क्रू घालून मोकळं झालं आस्तं. आपल्याला काय कळणार हुतं? पर थांबलं की न्हाई?"

"थांबलं म्हंजे हुकलं."

"मला हितंच ऱ्हायचंय. डोणीपाशी पडले तवा पाय नव्हतं मला. तुमाला ठावं न्हाई ते."

बिराप्पा उठून बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत आला नाही. आला तेव्हा हातात शहाळं होतं, आणि घरी जायची भाषा त्यानं परत काढली नाही.

नवा साचा तयार झाला तेव्हा डॉक्टरांनी तो नव्यानं छापलेल्या हाडावर बसवून तिच्या हातात दिला. या वेळी तिनं हात मागं घेतला नाही. बधिर बोटांनी तिनं तो हलवून पाहिला, दातओठ खाऊन ओढून पाहिला. तुटकी कडसुद्धा साच्यात उतरली होती. साचा हलला नाही. तो हातातनं पडू नये म्हणून अपेक्षानं खालनं आपले तळवे धरले होते.

दुसऱ्यांदा आत नेताना ती रडली. नर्सनं डोळे पुसले तरी पाणी परत आलं. मास्क तोंडाशी आला तेव्हा, "थांबा जरा," म्हणाली, ते थांबले, मग तिनंच मान्यतेची खूण म्हणून पापण्या मिटल्या.

बाहेर बिराप्पाला डॉक्टर लवकर यायला नको होते. गेल्या वेळी ते लवकर आले होते. दार उघडलं की तो दचकून उभा राहायचा आणि दुसऱ्याच कुणाचं नाव ऐकून खाली बसायचा. दुपार कलली तेव्हा मगदूम आले. "साचा बसला. दोन्ही स्क्रू जागेवर आहेत," ते म्हणाले. बिराप्पाला पहिल्यांदा कळलंच नाही. अपेक्षानं त्याला परत सांगितलं.

पुढं उजव्या हाताला हळूहळू जाण आली. गरम-गार कळू लागलं, हुकं लागू लागली. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली ती राहिलीच. मान वळायची बंद झाली. कुणी हाक मारली की हरणाबाई अख्खी वळते. एसटीत ब्रेक लागला की अजूनही पुढच्या सीटचा दांडा ती गच्च धरते. बिराप्पा शेजारी असला तर तोही तिच्या हातावर हात ठेवून दांडा धरतो, आणि गाडी सुरळीत चालू लागली तरी बराच वेळ दोघंही तो सोडत नाहीत.