कोण खाऊ घालतंय लखनला?

लखनची मान काळी पडली, तेव्हा माझी सून योगिता त्याला रोज मोरीत बसवून खसाखसा घासायची. मळ आहे म्हणायची. पोरगं रडायचं, मळ काही निघायचा नाही. शेवटी आमच्या लिंबायत वस्तीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घासू नका. हा मळ नाही, वजन वाढल्याची खूण आहे." दहा वर्षांचं पोर आणि वजन अठ्ठावन्न किलो! साखर अजून लागली नव्हती, पण दारात येऊन उभी होती.

"त्याला एकट्याला उपाशी ठेवू नका," बाई म्हणाल्या. "जे बदलायचं ते सगळ्या घराने बदला. सगळ्यांचं जेवण एकच, रोज थोडं चालणं, आणि कुणी त्याला जाड्या म्हणायचं नाही. वजन उतरवायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. उंची वाढली की जुळेल."

झालं. घरातून शेव गेली, थंड्याच्या बाटल्या गेल्या, बिस्किटं गेली. महिन्याने पुन्हा काट्यावर उभा केला तर साठ!

"घरात कुणीतरी चोरून खाऊ घालतंय," योगिता म्हणाली. आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे.

"मी नाही गं बाई," मी म्हटलं.

माझा धाकटा भटू, रिक्षा चालवतो, तो खो खो हसला. "वहिनी, ही माय तापीच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून माहेरी गेली होती. हिच्यावर भरोसा ठेवायचा तर ठेवा."

आता मगर मी सांगितली होती, हे खरं. एका लग्नात नव्वद मांडे खाऊन वर पंगत वाढली, हेही सांगितलं होतं. पण म्हणून माणूस एकदासुद्धा खरं बोलत नाही की काय?

योगिताने त्याच दिवशी शिरपूरला भावाला फोन लावला. "रविवारी ये. लखनला घेऊन जा. सुट्टी संपेपर्यंत राहील, जमलं तर तिथल्याच शाळेत घालू. इथे माझ्या मागे काय चालतं, मला कळत नाही."

बुधवार होता. हातात चार दिवस. लखन गेला तर मी दिवसभर बोलायचं कुणाशी, भिंतीशी?

मग मी चोर शोधायला लागले. पहिला संशय भटूवर. तो अंघोळीला गेला तेव्हा रिक्षाची गादी उचलून बघितली. पाना, फडकं, एक जुनी चप्पल. दुसरा संशय खालच्या मजल्यावरच्या भजियेवाल्या बेनवर. तिच्याकडे गेले, गोड बोलले, लखन येतो का विचारलं. ती म्हणाली, "आवे छे ने, पण नुसता बसतो, बोलतो, जातो." मला तेही खोटंच वाटलं. येताना चार भजी घेतली. चौकशीपुरती.

गुरुवारी ठरवलं, आज डोकं दुखतंय म्हणायचं, खाटेवर पडायचं आणि तोंडावर पदर घ्यायचा. माझा पदर जुना, विरलेला. आतून सगळं दिसतं.

साडेसातला माझा मोठा, चेतन, लूमच्या कारखान्यातल्या रात्रपाळीवरून आला. योगिता पाणी भरायला खाली. चेतनने खमणाचा पुडा सोडला. लखन चिकटून बसला. "घे रे, कालपासून तुझं तोंडच बघितलं नाही," म्हणत चेतनने मूठभर दिलं.

अस्सं! मी पदराखाली दात चावले. चोर सापडला, माझाच पोरगा!

पण दहा वाजले. योगिता मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जाते, त्याआधी दोन घास खाते. लखन तिच्या मांडीला मांडी लावून बसला. तिने पोळीवर भाजी घातली, गुंडाळी केली, त्याच्या हातात दिली. "एकच हं. तूप नाही लावलं."

दोनला भटू आला. डब्यात भाकरी, रस्सा. "ये रे पहेलवान." अर्धी भाकरी इकडे, अर्धी तिकडे.

मी पदराखाली बोटं मोजत होते. तीन झाले. चोर तीन! मी उठून बसले. चार वाजले होते, लखन माझ्या खाटेवर आला, "आजी, गोष्ट," म्हणाला, आणि माझा हात आपसूक उशाशी ठेवलेल्या लाडवाच्या डब्यात गेला.

हात तिथेच राहिला. गोष्टीसोबतचा लाडू मी कधी मोजलाच नव्हता. ते काय जेवण आहे?

"लखन," मी विचारलं, "तुला एवढी भूक लागते का रे?"

"नाही."

"मग सगळ्यांसोबत बसून का खातोस?"

तो खाटेची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, "पप्पा जेवतानाच जागे असतात. मग झोपतात. काका जेवला की रिक्षा घेऊन जातो. मम्मी पण जाते. नुसतं बसलं तर म्हणतात, जा, खेळ जा."

"आणि माझा लाडू?"

"लाडू हातात असला की तू गोष्ट लांबवतेस."

मी डब्यातून रिकामा हात बाहेर काढला आणि झाकण लावलं.

संध्याकाळी सहाला योगिता आली, चेतन पाळीला निघत होता, भटू चहाला थांबला होता. मी दारात आडवी उभी राहिले.

"मी रोज त्याला लाडू देते," मी म्हटलं.

"बघा!" योगिता ओरडली. "मी म्हणत नव्हते?"

"थांब. सकाळी दहाला पोळी कुणी दिली?"

"ती... ती एकच असते आत्याबाई!"

"दुपारी भाकरी कुणी दिली? साडेसातला खमण कुणी?"

"काय व्हयनं?" चेतनने विचारलं. मी सगळं सांगितलं. आमच्या घरात पाळ्या लागलेल्या, आणि हे पोर प्रत्येकाच्या पाळीला बसतं.

भटू म्हणाला, "माय, तुनी शपथ, ही थाप आहे. दिवसभर झोपून होतीस तू."

तिघं एकमेकांकडे असं बघत होते, जणू कुणाच्या तरी खिशात पुडा निघणार.

"आजी खरं सांगते," लखन हळूच म्हणाला.

या घरात हे वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं. मग योगिताने पिशवी खाली ठेवली, परातीत पीठ घेतलं आणि म्हणाली, "चेतन, पाळीला अर्धा तास उशीर होईल. भाऊजी, बसा."

पाच ताटं मांडली. भाकरी, वांग्याचं भरीत, काकडी. सगळ्यांच्या नजरा एकमेकांच्या हातावर. भटूने लखनच्या ताटाकडे नुसता हात नेला तर योगिता खाकरली. पण लखन! खायचं सोडून बोलतच सुटला. शाळा, क्रिकेट, खालच्या कुत्रीची पिल्लं. चेतन ऐकता ऐकता हसला, कितीतरी दिवसांनी. अर्धी भाकरी उरली तशी लखनने ताट सरकवलं. "बस. भरलं."

योगिताने आधी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग माझ्याकडे बघितलं. "आधी काही दिलं नाही ना?"

"शपथ घेते."

"तुमची शपथ नको. लखन, दिलं का रे?"

"नाही."

तिने आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग फोन घेऊन गॅलरीत गेली. मी कान दाराला लावला.

"दादा, या रविवारी नको येऊ," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात काट्यावर उभा करते, मग सांगते." आणि आवाज खाली आणून, "नाही रे, भरोसा कुणावरच नाही. म्हातारीवर तर नाहीच. पण बघू."

मी पटकन खाटेवर येऊन पडले.