दीड फुटाचा कठडा

गावाच्या विहिरीचं पाणी मोजणाऱ्या त्या माणसाला सगळे काटेकोर म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचंही. बावीस वर्षं दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो वजन बांधलेली फीत विहिरीत सोडायचा, डोळे मिटून डुबुक आवाजाची वाट बघायचा, कठड्याच्या कडेशी फितीवर अंगठा दाबायचा. पाणी किती फूट खाली गेलंय ते त्या अंगठ्यापाशी कळायचं. त्याने वहीत लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

या खेपेला त्या आकड्यावर बरंच काही अडलं होतं. पाणी चाळीस फुटांच्या खाली गेलं असेल तर पाच वर्षं एकही नवं घर बांधू द्यायचं नाही, असा ठराव उद्याच्या सभेपुढे होता. नळाला तीन दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे लोकांना बंदी हवीच होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण पंपघरामागच्या माळावर शंभर बैठ्या घरांची वसाहत व्हायची होती, आणि त्यातलं सतरा नंबरचं घर काटेकोरने बायकोसाठी नोंदवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यात पडली, तेव्हापासून चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नव्हती. लिफ्ट नव्हती आणि होणारही नव्हती.

नव्या घराचा आराखडा त्याने खोलीतल्या लादीवर खडूने आखून दिला होता. वॉकर धरून ती रोज त्यात चालायची. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं.

"स्वयंपाकघर फारच चिंचोळं आखलंय हो," ती म्हणायची. "बरंच झालं म्हणा, तुमची लुडबूड तरी होणार नाही."

त्या दिवशी फीत एक्केचाळीसवर थांबली. आसपास चिटपाखरू नव्हतं. एकोणचाळीस लिहिलं असतं तर कोण विहिरीत उतरून बघणार होतं? पेन बराच वेळ वहीवर अडकून राहिलं. मग त्याने एक्केचाळीस लिहिलं, खाली सही केली, वही कचेरीत दिली आणि घरी आला.

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाली, "कंबर तरी धरली नाही ना आज?"

"नाही गं. कठडा उंच केल्यापासून वाकावंच लागत..."

आणि एकदम त्याच्या लक्षात आलं. आठ महिन्यांपूर्वी, कंबर दुखते म्हणून, त्यानेच एका गवंड्याकडून उरल्यासुरल्या विटांचा दीड फूट कठडा चढवून घेतला होता, तोही कुठे कागद न करता. जिथून मोजायचं ती शून्याची खूण खालच्या जुन्या दगडावर होती, ती गिलाव्याखाली गेली. आणि तेव्हापासून हा शहाणा नव्या कडेवरून मोजत होता. पाणी साडेएकोणचाळीसवर होतं.

तो तसाच चप्पल अडकवून पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे धावला. इंजिनिअर वयाने लहान, वागायला सभ्य. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, आठ महिने लक्षात आलं नाही, आणि आज आलं?"

"गिलावा फोडून बघा ना! खाली खूण आहे."

"ती शून्याचीच खूण, आणि कठडा आठ महिन्यांपूर्वीचाच, हे कोण सांगणार? गवंडी कुठाय?"

गवंडी गाव सोडून गेला होता. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभेत काटेकोर उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. मागून एका सभासदाने शांतपणे विचारलं, "त्या वसाहतीत तुमचं घर आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

सभागृह खो खो हसलं. बावीस वर्षांची अब्रू त्या हशात गेली. आदल्या दिवशी खोटं लिहिलं असतं तर ते खरं म्हणून चाललं असतं, आणि आज खरं सांगितलं तर ते लबाडी ठरलं. याचा त्याला विलक्षण संताप आला. ठराव एकमताने मंजूर झाला. बाहेर पडताना इंजिनिअरने त्याला गाठलं आणि यापुढेही नव्या कडेवरूनच मोजायला सांगितलं, म्हणजे घोळ नको.

घराचे चार मजले तो जिन्याच्या कठड्याला धरून चढला. बायको खुर्चीत बसली होती. बातमी त्याच्या आधी वर पोचली होती.

"खूण खरंच आहे गं खाली," तो म्हणाला.

"ते मला सांगायला हवं का?" ती म्हणाली.

तिला वाकता येत नव्हतं. खुर्ची थोडी थोडी सरकवत, पायाने ओलं फडकं फिरवत तिने लादीवरचं घर पुसून काढलं होतं. स्वयंपाकघर गेलं होतं, पलंगाची जागा गेली होती. दाराची रेघ तेवढी शिल्लक होती, कारण तिथवर तिचा पाय पोचला नव्हता.

"तेवढं तुम्ही पुसा," ती म्हणाली.

त्याने फडकं उचललं आणि गुडघ्यांवर बसला.