हिमालयातलं बी

यशोधनने काकूला विहिरीकडच्या वाफ्यात पाय ठेवायला बंदी केली, त्या दिवसापासून वसुंधरेने त्याच्याबद्दल चांगलं बोलणं सोडलं. चांगलं बोलण्यासारखं आधीही फारसं नव्हतं, पण तोवर ती मोठ्या दिरांचा मुलगा म्हणून गप्प बसायची.

"काकू, आत यायचं असेल तर आधी हात साध्या पाण्याने धुवा," तो म्हणाला होता. "तुमच्या हाताला भांड्यांचा साबण असतो. मातीतले मायक्रोब्स मरतात त्याने."

वसुंधरा उज्जैनची लेक, लग्न होऊन सिमरोलला आली तेव्हा वीस वर्षांची होती. आता त्रेसष्टची. एवढी वर्षं तिचे हात त्याच मातीत होते आणि त्यातले कोण मायक्रोब्स ते, आजवर तरी कुरकुरले नव्हते. आणि हा चौतीस वर्षांचा गृहस्थ, इंदूरच्या राजेंद्र नगरात वाढलेला, पुण्यात संगणकापुढे बसलेला, तिला माती शिकवत होता. पुण्याची नोकरी त्याने सोडली की नोकरीने त्याला, याचा खुलासा त्याच्या आईनेही कधी नीट केला नाही. ज्येष्ठात एक दिवस तो पाठीवर पिशवी टाकून आला आणि म्हणाला, "काकू, मी आता मातीशी कनेक्ट होणार."

कनेक्ट होण्याचा कागद त्याच्याकडे होता. घरामागच्या परसाची वाटणी कधीच झाली होती, आणि विहिरीकडचा अर्धा तुकडा त्याच्या वडिलांच्या नावावर होता. राजेंद्र नगरवाल्यांनी इतक्या वर्षांत तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, म्हणून वसुंधरेने तिथे तुळस लावली होती.

ही तुळस साधी नव्हती. माळव्यात पौषात दव गोठतं, आणि एका सकाळीत तुळस काळी पडते. वसुंधरेच्या अंगणातली दर वर्षी मरायची. एका वर्षी एकच झाड जगलं. तिने त्याच्याच मंजिऱ्या धरल्या, पुढच्या वर्षी जगलेल्या चार झाडांच्या धरल्या, आणि असं अठरा वर्षं केलं. मरेल ते मरू द्यायचं, उरेल त्याचं बी घ्यायचं. गावातली दुसरी तुळस जवळ येऊ द्यायची नाही. आता तिच्या तुळशीचं पान जाड होतं, वास तिखट होता, आणि सुदामा नगरातले वैद्य दुसरीकडची तुळस घेत नव्हते. याला कुणी ब्रीडिंग म्हणत असेल हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्याला बी धरणं म्हणायची.

यशोधनने आल्याआल्या तो वाफा यंत्राने नांगरून घेतला. ती वैद्यांकडे गेली होती, परत आली तर झाडं उलटीपालटी पडलेली. बियांचं मडकंही त्याने 'जुना कचरा' म्हणून रिकामं केलं होतं. तिने मातीतून शोधून अकरा झाडं काढली आणि तेलाच्या डब्यांत लावून गच्चीवर ठेवली. ती जगली, पण डब्यातलं मूळ पौष काढत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. थंडीच्या आत ती जमिनीत गेली नाहीत तर अठरा वर्षं मातीत गेली. तिच्या वाट्याच्या तुकड्यात खाली मुरूम होता, वर ओवा आणि गवती चहा कसाबसा तग धरायचा. तुळस लागायची ती फक्त विहिरीच्या बाजूला.

"तुझं काय असेल ते कर, पण मला चार हात जागा दे," ती म्हणाली होती.

"काकू, तुळस काय, कुठेही येते," असं सांगून त्याने विषय संपवला.

मग त्याने खिशातून पेपरमिंटची डबी काढली. आत करड्या, ठिपक्या-ठिपक्यांच्या बिया होत्या. हिमालयातली औषधी वनस्पती आहे, म्हणाला, फार दुर्मीळ, कुणाला बोलू नका. वसुंधरा बोलली नाही. उज्जैनला तिच्या माहेरच्या गल्लीत तीन घरं सोडून भांग घोटणारा बसायचा. लहानपणी तिने त्याच्या ओट्यावरच्या असल्या बिया चिमण्यांना टाकल्या होत्या. हिमालयातली वनस्पती तिने एका नजरेत ओळखली.

यशोधनने बारा कागदी पेल्यांत माती भरून एकेक बी पुरलं, पेले ऊब मिळावी म्हणून तिच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडले, आणि चार दिवस आईकडे जेवायला गेला. त्या दुपारी वसुंधरा ओट्यासमोर बसून राहिली. घर तिचं, ओटा तिचा, परसाच्या फाटकावर चिंतामणच्या, म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी. चिंतामणने आयुष्यभर गावच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले. पोलीस आले तर कुणाच्या दारात येणार, हे कळायला संगणक लागत नव्हता. आणि हा गाढव तुरुंगात गेला असता तर जावेने तिच्याच नावाने खडे फोडले असते.

तिने केसांतल्या आकड्याने एकेक बी उकरून काढलं आणि चुलीत टाकलं. डब्यातून अंबाडीचं बी घेतलं आणि एकेका पेल्यात एकेक दाबलं.

रोपं उगवली. यशोधनला आनंदाने वेड लागायचं बाकी राहिलं. पुढे पानांना पाच-पाच बोटं फुटली, तेव्हा तो त्यांच्यासमोर जमिनीवर लोळून फोटो काढू लागला. एकदा त्याने पान मोबाईलला दाखवून नाव विचारलं. मोबाईलने दोन नावं सांगितली, त्यातलं पहिलं अंबाडी होतं. यशोधन हसून म्हणाला, मशीन कन्फ्यूज होतंय, कारण हे व्हेरिएशन डेटामध्येच नाही. मोबाईलला कळलं, गावातल्या शेळ्यांना कळलं, फक्त ज्याला कळायला हवं त्याला नाही.

त्याचं सगळं ऑर्गेनिक होतं. गोठा दोन घरं सोडून असताना शेणखत पाकिटातून कुरिअरने यायचं, आणि पाकिटावर गाईचं चित्र असायचं. पाण्याचा आंबटपणा तो कागदाच्या पट्टीने मोजायचा. फांद्या सुतळीने वाकवून बांधायचा, छाटलेले शेंडे मधात बुडवून पुन्हा लावायचा, त्यातले दोन खरंच लागले तेव्हा 'क्लोनिंग' झालं म्हणून त्याने मित्रांना मिठाई वाटली. वसुंधरा गच्चीवरून बघायची आणि तुळशींना डाळ धुतलेलं पाणी घालायची.

शेजारची मंजुषा कॉलेजच्या पोरांना डबे देते. ती एकदा भिंतीवरून डोकावली आणि विचारू लागली, "वहिनी, हा यशोधन भिया अंबाडीला पंखा का लावतोय?"

"चूप बस," वसुंधरा म्हणाली. "त्याला गरम होतंय असं वाटतंय."

मंजुषा हसून हसून भिंतीखाली गेली. पण बाहेर बोलली नाही.

श्रावणात यशोधनने नर-मादी निवडायला घेतलं. या वनस्पतीत नर झाड वेगळं, मादी वेगळी, आणि नर वेळेत उपटला नाही तर सगळं पीक वाया जातं, असं त्याने काकूला अर्धा तास समजावलं. भिंग घेऊन तो पेरं बघायचा, आणि ज्याच्यात जरा जोम दिसेल ते झाड नर म्हणून उपटून कोपऱ्यात टाकायचा. नर संपले की पुन्हा छाटलेले शेंडे. वसुंधरा संध्याकाळी ते गोळा करायची, कोवळी पानं खुडायची, ज्वारीच्या कण्या आणि लसूण घालून भाजी करायची. यशोधन भाकरीबरोबर दोनदा वाढून घ्यायचा.

"काकू, ही तुमची भाजी एक नंबर आहे. कुठून आणता?"

"बाड्यातूनच," ती परसाकडे हात करत म्हणायची.

तो पुढे काहीच विचारायचा नाही. विचारणं हा त्याचा स्वभावच नव्हता, त्याचा स्वभाव सांगण्याचा होता.

दिवाळी उलटली आणि उरलेल्या पाच झाडांना फूल आलं. फिकट पिवळं, मध्ये गडद लाल डोळा. यशोधन पहिल्यांदा बुचकळ्यात पडला. अर्धा दिवस वाचत बसला. दुपारी उठला तो चेहरा उजळून. जगात आजवर कुणाकडे न आलेलं फूल त्याच्याकडे आलं होतं, त्याच्या ब्रीडिंगने नवीन जात तयार झाली होती. त्याने तिचं नाव 'मालवा गोल्ड' ठेवलं आणि पानाफुलाचा फोटो मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असा लावला. खाली लिहिलं, सिमरोल, लवकरच.

एखादा चोर निदान तोंड लपवतो. या शहाण्याने गावाचं नाव घालून जाहिरात केली होती.

वसुंधरेला त्याची चिंता नव्हती. तिची नजर हवेवर होती. पहाटे विहिरीवर वाफ दिसू लागली होती, गच्चीवरच्या डब्यांतली पानं कडेने जांभळी पडत होती. तिने पुन्हा एकदा जागा मागितली. आपलं सगळं सांगून टाकावं असंही मनात आलं. पण त्याने मान वर न करता सांगितलं, "फेब्रुवारीत बघू, काकू. आत्ता झाडांना स्ट्रेस नको." ती डबे झाकायला गच्चीवर गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. ठाण्यातले हेडसाब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, आणि एक शिपाई. कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला होता. मंजुषा भिंतीवर आली, समोरचे चार लोक फाटकापाशी जमले. हेडसाबने आदबीने नमस्कार केला, चिंतामण मास्तरांकडे त्यांचा धाकटा भाऊ शिकला होता.

"माताजी, शिकायत आई है," ते म्हणाले. "पीछे गांजा लगा है क्या? किसका है ये?"

वसुंधरेने यशोधनकडे पाहिलं. तो पंख्याच्या वायरपाशी उभा होता, हातात भिंग. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने एकदा झाडांकडे बघितलं, एकदा फाटकावरच्या पाटीकडे.

"सर, हे सगळं काकूंचं आहे," तो म्हणाला, मग भान येऊन हिंदीत. "मतलब, जड़ी-बूटी का काम इनका ही है, पूरा गाँव जानता है। मैं तो सिर्फ हेल्प करता हूँ।"

मंजुषाच्या हातातला डबा तसाच राहिला.

वसुंधरेला राग आला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. राग यायला समोर माणूस लागतो. सहा महिने तिने त्याला मूर्ख समजून खाऊ घातलं होतं, आणि मूर्खाबद्दल मनात थोडी माया असतेच. ती त्या क्षणी संपली. ती बोलली नसती तर त्याचीही झाली असती थोडी फरफट, ठाण्याच्या बाकावर एक-दोन दिवस, फोटो त्याच्याच मोबाईलवर होता. हे तिच्या मनात आलं आणि तिने ते थोडा वेळ ठेवूनही घेतलं.

मग ती वाफ्यात गेली. हात न धुता. एका झाडाचा कोवळा शेंडा खुडला, अर्धा तोंडात टाकून चावला, अर्धा हेडसाबपुढे धरला.

"खाओ साब. हाँ, आमचं आहे हे. बी माझ्या डब्यातलं आहे."

हेडसाबने आधी पान हुंगलं, मग दाताखाली धरलं. आंबट चवीने त्यांचे डोळे बारीक झाले. त्यांनी देठावरचे बारीक काटे चाचपले, पिवळं फूल उलटं करून बघितलं.

"ये तो अंबाड़ी है," ते म्हणाले. "मेरी घरवाली चटनी बनाती है।"

"आम्ही भाजी करतो," वसुंधरा म्हणाली.

फाटकापाशी पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. नंतर सगळेच हसले, शिपाईसुद्धा. हेडसाब मात्र हसले नाहीत. त्यांनी तो पंखा बघितला, सुतळ्या बघितल्या, पाकिटावरची गाय बघितली, मग यशोधनच्या खांद्यावर हात ठेवला.

"भिया, मन में जो बोया था वो हम समझ गए. उसकी कोई धारा नहीं है, नहीं तो ले जाते. फोटो हटा दो."

जाताना त्यांनी शेंड्यांची एक जुडी मागून घेतली.

लोक पांगले तरी यशोधन वाफ्याच्या कडेला बसून होता. तिथूनच त्याने विचारलं, "काकू, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"तू उपटलेले नर कुठे गेले असं वाटलं तुला?"

तो आठवू लागला. आठवत आठवत त्याचा चेहरा एकेका भाकरीनिशी उतरत गेला. वसुंधरा ते बघत उभी राहिली, मग कुदळ आणून त्याच्यापुढे टाकली.

"तुझं बी मी चुलीत घातलं म्हणून तू आज घरी आहेस. आणि तू मला पुढे केलंस. मला त्यावर काही ऐकायचं नाही. अंधार पडायच्या आत हा वाफा मोकळा हवा. माझे अकरा डबे गच्चीवर आहेत, हळू आणायचे. मूळ तुटलं तर जेवण नाही."

त्याने कागदाचा विषय काढला नाही. खोदताना त्याच्या हाताला फोड आले, ते तो सारखे फुंकत होता. तुळशी लावून झाल्या तेव्हा वसुंधरेने प्रत्येकीच्या बुंध्याशी स्वतः माती दाबली. त्याच्या हाताने दाबलेली तिला चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो राजेंद्र नगरला गेला. पौषात तीन पहाटा दव गोठलं. अकरापैकी सहा झाडं काळी पडली, पाच हिरवी राहिली. वसुंधरेने पाचांच्या मंजिऱ्यांना पांढरा दोरा बांधला.

होळीच्या सुमारास यशोधन परत आला. चेहरा पुन्हा उजळलेला. इंदूरमध्ये लोक आता अंबाडीला सुपरफूड म्हणतात, तो म्हणाला, वाळवून पाकिटात घालायची, वर मालवा गोल्ड असं नाव, फक्त काकूंनी बी द्यावं. त्या दुपारबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

वसुंधरेने डबा उघडून त्याच्या ओंजळीत मूठभर बी घातलं. अंबाडी कुणालाही येते.

त्याने दाणे उन्हात धरून निरखले. "काकू," तो म्हणाला, "यातले साधारण नर किती निघतील?"

तिने डब्याचं झाकण लावलं आणि तुळशींना पाणी घालायला गेली.