सकाळी मोजू

कुपवाडला संध्याकाळचा भोंगा झाला की कारखान्यांच्या फाटकांतून दुचाक्या बाहेर पडतात आणि सगळा रस्ता धुळीनं भरून जातो. मावळतीचं ऊन त्या धुळीत अडकतं. त्या वेळी रस्त्यावर नुसत्या पाठी आणि डोकी दिसतात, माणसं वेगळी दिसत नाहीत. माझ्या वडिलांना तो कळप वाटतो. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते.

मग एका संध्याकाळी आप्पा त्या रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. काठी आडवी धरून, जिभेनं टक टक आवाज करत ते दुचाक्या आमच्या पटांगणाकडे वळवत होते. गंमत म्हणजे काही पोरं हसत हसत वळलीसुद्धा. पण मागून टेम्पो आला, त्याला काय कळणार. आमचे घरमालक हुसेनभाई फाटकातच उभे होते म्हणून बरं. त्यांनी आप्पांना दंडाला धरून ओढलं. कोपर खरचटलं, बाकी काही झालं नाही.

"मोकळी राहिली तर लांडगा न्हेईल की," आप्पा मला समजावत होते, जणू चूक माझीच.

आम्ही जत तालुक्यातले धनगर. आप्पांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. उन्हाळ्यात कृष्णाकाठी उतरायचं, कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पुढच्या रानात जायचं. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली आणि ते माझ्याकडे राहायला आले. मला नवरा राहिला नाही, मूल नाही, त्यामुळे घरात जागा भरपूर होती. हुसेनभाईंचं पटांगण मोठं, फाटकाशी कडुलिंब. आप्पा झाडाखाली बसतील, मी कामावरून येईन, चहा करीन, असं माझ्या मनात होतं.

पण आप्पा बसेचनात. आधी ते गावांची नावं विसरले, मग माणसांची. मी फोनवर कुठंतरी ऐकलं होतं की अशा माणसांना रोज प्रश्न विचारावेत, डोकं चालतं राहतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहाची कपबशी खाली ठेवली की माझी शाळा सुरू व्हायची. आप्पा, आईचं नाव काय? अमृत कुठं असतो? मी कोण? एखादं उत्तर बरोबर आलं की मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटायचं. नाही आलं की मी तेच पुन्हा विचारायचे.

टेम्पोची गोष्ट अमृतला कळली. अमृत माझा धाकटा भाऊ, पाटणला असतो.

"अक्का, आता बास," तो फोनवर म्हणाला. "शनिवारी गाडी घेऊन येतो. आमच्या वरच्या मजल्यावर खोली हाय. बाहेरनं कडी लागती."

ती खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की समोर शेजारच्यांची भिंत, आणि पावसाळ्यात महिनोन्महिने ऊन नाही. जो माणूस उभ्या जन्मात छपराखाली धड झोपला नाही त्याला तिथं कडी लावून ठेवायचं, या कल्पनेनंच माझा जीव गुदमरला. अमृत वाईट नाही. तो घाबरला होता, एवढंच.

"तू ये," मी म्हटलं. "आप्पा रस्त्यावर जाताना तुझ्या डोळ्यांना दिसले तर घेऊन जा. न्हाई गेले तर न्हाई."

बोलून बसले खरी. पण त्यांना थांबवायचं कसं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

माझं स्वतःचं मन ठिकाणावर नव्हतं. मी कारखान्यात लोखंडी कड्या तपासते; आमची पाळी संध्याकाळच्या भोंग्याआधीच सुटते. माप बसलं तर इकडे, नाही बसलं तर तिकडे, इतकं सोपं काम. त्या दिवसांत मी नेमक्या तिकडच्या कड्या इकडे टाकत होते. चुका एकट्या माझ्याच होत होत्या असं नाही, सगळ्यांच्याच वाढल्या होत्या, म्हणून मालकांनी सांगलीहून सोनम नावाची एक बाई ध्यान शिकवायला बोलावली. यंत्रं सुरू व्हायच्या आधी पॅकिंगच्या खोलीत चटया टाकून आम्ही थोडा वेळ डोळे मिटून बसायचो.

"श्वासाकडे बघा," सोनम सांगायची. "मन गेलं तर जाऊ दे. त्याच्या मागे जाऊ नका. तुम्ही जागेवर आहात म्हटल्यावर ते येईल परत."

कसलं येतंय. माझं मन उठायचं ते थेट पाटणला जाऊन त्या कडीला हात लावून बघायचं, तिथून रस्त्यावर, तिथून चहाच्या गॅसवर. एक डोळा उघडून बघावं तर बाकी सगळे शांत. एक जण तर घोरत होता. मला भारी राग यायचा.

सोनमला मी सरळ सांगितलं, माझ्यानं हे व्हायचं नाही.

ती हसली. "ताई, तुम्ही दर घडीला बघता, झालं का शांत, झालं का शांत. तेवढं विचारणं सोडा आणि रोज बसा. एवढंच करायचं आहे."

मला ते पटलं नाही. पण रोज बस म्हणाली म्हणून त्या संध्याकाळी मी पटांगणात पोतं टाकलं आणि कडुलिंबाखाली डोळे मिटून बसले. आप्पा येरझाऱ्या घालत होते. जाता जाता थांबले.

"डोळं मिटून कोण बसतंय गं? लांडग्याला आवतण दिलंय का?"

"मग कसं बसायचं आप्पा?"

धनगराच्या पोरीनं हे विचारावं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली, घोंगडं गुडघ्यांवर घेतलं आणि माझ्या शेजारी बसले. नजर समोर, पण कशावरच नाही.

"काठी खाली पडली की मेंढराला कळतंय, आता कुठं जायाचं न्हाई," ते हळू म्हणाले. "मग बोलवायचं न्हाई. उठायचं न्हाई. एखादं लांब जातंय, जाऊ दे. मागं वळून बघतंय, धनगर बसल्याला दिसला की येतंय आपसुक. आपुन उठलो की त्येबी पळालं."

मला एकदम लहानपणची रानं आठवली. दिवस बुडायची वेळ, काठीपाशी बसलेले आप्पा, आणि समोर एकेक मेंढरू पुढचे पाय मोडून खाली बसतंय. आम्हा पोरांना त्या वेळी बोलायची बंदी असायची. आता पटांगणात तसाच उजेड पडला होता. हुसेनभाईंची कोंबडीसुद्धा चालायची थांबली. किती तरी दिवसांनी आप्पा बसले होते, आणि मी सुखावले. त्या आनंदातच मी विचारलं,

"आप्पा, आईचं नाव काय हो?"

त्यांच्या तोंडावरून काहीतरी निघून गेलं. ओठ हलले, डोळे इकडून तिकडे धुंडाळू लागले. मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"एक कमी हाय," ते म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

मी धावले, हात धरला. त्यांनी झटकला. हुसेनभाई आले, आम्ही दोघांनी मिळून त्यांना परत आणलं. आप्पा चिडले होते, पण माझ्यावर नाही, जगाच्या अडाणीपणावर चिडल्यासारखे.

"दिवस मावळल्यावर कोण मोजतंय का?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मोजाय उठलं की एक उठतंय. एक उठलं की समदी उठत्यात. मग रातभर हुडका. सकाळी वाघर उघडायची, एकेक भाईर येतंय, पाठीवर हात ठिवून मोजायचं. सकाळी."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. आमच्यात शेंबडं पोरही संध्याकाळी मोजत नाही. आणि मी रोज, नेमक्या त्या वेळेला, आप्पांना उठवून त्यांचं काय काय हरवलंय ते मोजायला लावत होते. मग ते हुडकायला रस्त्यावर जाणार नाहीत तर काय करतील? मला स्वतःचा संताप आला आणि रडूही आलं. हुसेनभाई चहा घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. सकाळी सोनमपाशी बसायचे, संध्याकाळी आप्पांच्या काठीपाशी. सोनमचं म्हणणं आणि आप्पांचं म्हणणं मला आता एकाच घरातलं वाटू लागलं. विचारणं तोंडातून गेलं तरी मनातून लगेच जात नाही. आज आप्पांनी मला आईच्या नावानं हाक मारली, म्हणजे माझं नाव गेलं का? मन असं उठायचं. मी मनातली काठी आडवी ठेवायचे. जा बाबा, जायचं तर जा, मी इथं आहे. ते पाटणपर्यंत जायचं, मागे वळून बघायचं, आणि कधी कधी खरोखर परत येऊन माझ्यापाशी बसायचं.

अशा वेळी पटांगण मोठं व्हायचं. भिंत धूसर व्हायची. कुठल्या तरी मेंढराच्या गळ्यातली घंटा एकदाच वाजल्यासारखी वाटायची, आणि आप्पांनीही त्याच बाजूला मान वळवलेली असायची. मला त्याची भीती वाटली नाही. बरं वाटायचं.

आप्पा काही दिवशी माझ्याबरोबर बसायचे, काही दिवशी फाटकापर्यंत जायचे. तेव्हा मी उठायचे, कारण रस्ता तो रस्ता. मी उठले की त्यांचा पाय आणखी जोरात पडायचा.

शनिवारी अमृत आला. गाडी बाहेर लावून तो पायरीवर बसला. आप्पांचे दोन सदरे आणि औषधं त्यानं पिशवीत भरून ठेवली होती. मी पोतं टाकलं, काठी आडवी ठेवली आणि बसले.

भोंगा झाला. रस्त्यावरून आवाज यायला लागला. आप्पा उठले.

अमृतही उठला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "खाली बस."

"अक्का, आप्पा निघालं..."

"हुसेनभाई भाईर उभं हायत. तू बस. हिकडं, काठीपाशी."

हुसेनभाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं. नमाजाला उशीर होईल हे ठाऊक असूनही ते फाटकाबाहेर हात मागे बांधून उभे होते. अमृतनं माझ्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या काठीकडे पाहिलं. शेवटी तोही धनगराचाच. तो माझ्या शेजारी बसला.

आप्पांनी फाटकाला हात घातला. फाटक उघडलं. पिवळी धूळ आत आली आणि तिच्यात आप्पा दिसेनासे होतील असं वाटलं. उठ, मन म्हणत होतं, धाव. मी त्याला म्हटलं, तू जा. मी इथं आहे. आणि श्वास घेतला, सोडला, नजर समोर ठेवली, कशावरच नाही.

आप्पांनी मागे वळून बघितलं.

झाडाखाली दोन माणसं बसली होती आणि काठी आडवी होती. आप्पा किती वेळ बघत राहिले मला सांगता येणार नाही. मग त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि हळूहळू चालत आले. वाटेत कुणाच्या अंगावर पाय पडू नये तसे, जागा बघून पाऊल टाकत. आमच्या दोघांच्या मधे ते बसले. बाहेर दुचाक्या चालल्या होत्या, पण तो आवाज आता लांबच्या ओढ्यासारखा होता.

"बसली," आप्पा म्हणाले.

अमृतला राहवलं नाही. त्याला काय माहीत. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आप्पा, मला वळखलं का?"

मी डोळे घट्ट मिटले. आता उठतील.

आप्पांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग घोंगड्याचं एक टोक त्याच्या गुडघ्यावर टाकलं.

"दिवस मावळलाय, बाबा," ते म्हणाले. "सकाळी मोजू."

अमृत मान खाली घालून रडला. हुसेनभाई मशिदीकडे गेले. आम्ही अंधार पडेपर्यंत तसेच बसून होतो.

सकाळी अमृत एकटाच परत जायला निघाला. पिशवीतले सदरे त्यानं पुन्हा दांडीवर टाकले होते. आम्ही दोघं दारात आलो तर आप्पा उंबऱ्याशी वाट अडवून उभे होते. अमृत त्यांच्या पाया पडायला वाकला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "एक." मी मागे होते. माझ्या पाठीवर हात आला. "दोन." मग त्यांनी तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला, थोडा वेळ विचार केला.

"तीन," ते म्हणाले. "समदी हायत."

आणि त्यांनी आम्हाला वाट दिली.