मुलीची खुर्ची

मल्हाररावांनी बंगळुराजवळच्या आनेकलहून निघतानाच बायकोला बजावलं होतं, कॉलेजात तोंड उघडायचं नाही. पोरीचं प्रात्यक्षिक होऊ द्यायचं आणि मग ऑफिसात जाऊन तिचा दाखला काढायचा. निपाणीच्या पाहुण्यांना मार्गशीर्षात लग्न हवं होतं आणि सुनेचं पुढचं शिक्षण नको होतं. प्रणिताचं शेवटचं वर्ष निम्म्यावर आलेलं, पण बापानं शब्द देऊन टाकला होता. कस्तुराबाई नेहमीसारखं कन्नडमधलं ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणाल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या याहून वेगळं काही म्हणाल्याचं त्यांच्या भांड्यांच्या दुकानातल्या गड्यांनाही आठवलं नसतं.

गृहविज्ञानाच्या वर्गात पुढे तीन खुर्च्या मांडल्या होत्या. विषय कौटुंबिक जीवन, आणि परीक्षा म्हणजे आई-बापांना घेऊन घरची बैठक. घरातल्या एका प्रश्नावर प्रत्येकानं आपला नंबर आला की बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. रम्या मॅडमनी कन्नडमध्ये समजावलं, भाषा तुमची घरचीच चालेल, पण बापानं मुलीच्या खुर्चीत बसायचं आणि मुलीनं बापाच्या. चारचौघांत नाही म्हणणं मल्हाररावांना जमलं नाही. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून ते बसले. वर्गात मराठी कुणाला येत नव्हती, तेवढाच काय तो आधार.

प्रणितानं प्रश्न निवडला तो आपल्या लग्नाचाच. आता हा माणूस पोरीला भर वर्गातून हाताला धरून ओढत नेणार, असं कस्तुराबाईंना वाटलं.

“स्थळ चांगलं आहे. मी शब्द दिलाय,” प्रणिता बापाच्या ठसक्यात म्हणाली. इथवर सगळं हुबेहूब होतं. मग ती आईकडे वळली. “तुझं काय म्हणणं आहे?”

हे मात्र बापाचं नव्हतं. त्या घरात कस्तुराबाईंना हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या जिभेवर ‘सरी’ तयारच होतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

“माझं नाही म्हणणं आहे,” त्या म्हणाल्या. “वर्ष पुरं होईपर्यंत तिचा दाखला काढायचा नाही.”

“कस्तुरा, घरी बोलू,” मल्हारराव दात-ओठ खात पुटपुटले.

“तुमचा नंबर यायचाय अजून.”

मल्हारराव ताडकन उठले. शब्द कळले नाहीत तरी सगळ्या वर्गाच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. रम्या मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, आता मुलीनं बोलायचं. मल्हारराव हळूच मुलीच्या खुर्चीत परत बसले.

“अण्णा,” प्रणिता त्यांना मारायची तीच हाक मारत ते खालमानेनं लेकीला म्हणाले, “तुम्ही शब्द दिलाय. तो मोडलात तर चार लोकांत तुमचं तोंड राहील का?”

आपल्या नवऱ्यालाही कशाची तरी भीती वाटते, हे कस्तुराबाईंना आज पहिल्यांदा कळलं.

प्रणिताचे डोळे भरून आले, पण तिनं बापाचा आवाज सोडला नाही.

“त्याची काळजी तू नको करूस, बाळा. निपाणीला मी फोन करतो.”

कस्तुराबाईंनी पर्समधून मोबाईल काढला, निपाणीला लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती.