लिख्टेनस्टाइनचा लोकरी कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे. मित्रांनो, आधी नाक मुरडू नका. माझा जन्म लिख्टेनस्टाइनचा. युरोपातला हा देश आपल्या लातूरकडच्या औसा तालुक्याहूनही लहान, पण श्रीमंती अशी की तिथला राजा अजून टेकडीवरच्या किल्ल्यात राहतो. पहिल्या मालकिणीने मला काही हिवाळे मिरवले. मग माझ्या बाहीला कसर लागली आणि तिने मला दोन बोटांत धरून दानपेटीत कोंबले.

त्याच साली किल्लारीकडे भूकंप झाला. मदतीच्या गाठोड्यातून मी तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोचलो. त्या शेडमधल्या शिवकांताबाईंचा नवरा घराच्या दगडमातीखाली गेला होता. मांडीवर तान्हा संगमेश्वर होता. त्या थंडीत तो माझ्यातच गुंडाळलेला असायचा. त्याने मला किती वेळा ओले केले, ते विचारू नका. वाटप करणाऱ्या गुरुजींनी कॉलरमागचे नाव वाचून माझा देश सांगितला. तेव्हापासून बाईंचे एकच म्हणणे, "कोट देणाऱ्या त्या बाईनं माझं लेकरू जगवलं. एकदा तिची ओटी भराया पायजे."

पुढे त्यांनी लातुरात डाळमिलमध्ये काम करून पोराला शिकवले. तो मोठा क्लासवाला झाला, चौकाचौकात त्याचे फलक लागले. गेल्या उन्हाळ्यात त्याने बायको मंजुश्रीला आणि आईला युरोपच्या सहलीला नेले. बाईंनी पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि एक इरकली लुगडे घेतले आणि मला अंगात चढवले. मी माहेरी निघालो होतो, मित्रांनो! माझा ताठा काय वर्णावा!

वादुझला, म्हणजे राजधानीत, उतरताच बाई म्हणाल्या, "संगू, एवढंसं तर गाव हाय. कोट दाखवून इचार की कुणाला बी."

संगमेश्वरने मंजुश्रीला डोळा मारला. मग हॉटेलच्या जिन्यात फरशी पुसणाऱ्या एका म्हातारीकडे बोट केले. "आई, हीच ती."

"खरं का रं?"

"हाव. म्या इचारलं न्हाई का?"

बाई स्वतः विधवा, म्हणून ओटी सुनेच्या हातून भरायची. मंजुश्रीने हसू दाबत ती भरली. संगमेश्वर मोबाइलवर सगळे टिपत होता. बाईंनी त्या म्हातारीचे ओले हात आपल्या डोळ्यांना लावले आणि आपल्या लिंगायत रीतीने नमस्कार केला. "शरणार्थ, माय. तुमच्या कोटात हे लेकरू वाढलंय."

म्हातारी गोंधळून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणती रं ती?"

"म्हणती, कोट वळखला."

बाई रडल्या. मी त्या म्हातारीला जन्मात पाहिले नव्हते. पण कोटाला तोंड कुठले? मला नुसता संताप येत होता.

परतल्यावर क्लासचे स्नेहसंमेलन झाले. बाई पहिल्या रांगेत, लातूरच्या त्या उकाड्यातही मला घालून बसल्या. पडद्यावर ओटीचे चित्रण लागले. संगमेश्वर माइकवर म्हणाला, "मुलांनो, आत्मविश्वास असला की काहीही पटवता येतं. ती तर हॉटेलची झाडूवाली होती!"

सभागृह हसून लोटपोट झाले. कर्ण्याच्या घुमणाऱ्या आवाजात बाईंना शब्द कळले नव्हते; सगळे हसतात म्हणून त्याही हसल्या. मग त्यांनी सुनेला विचारले, "काय म्हणला गं त्यो?"

मंजुश्रीने सगळे सांगून टाकले.

 कपाळावरचा घाम बाईंनी माझ्याच बाहीने पुसला. संगमेश्वर खाली उतरला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी ती बाई राहिलीच की. संगू, मला परत न्हेशील का रं?"

"गंमत होती ती, आई," म्हणत तो मुलांसोबत फोटो काढायला गेला.

बाईंनी मात्र धोसरा सोडला नाही. रोज तेच विचारू लागल्या. तेव्हा विषयच संपावा म्हणून त्याने मला त्या झोपल्या असताना उचलले आणि ड्रायव्हरला गाडी पुसायला दिले. ड्रायव्हरने माझे दोन तुकडे केले. आता गाडी फाटकातून निघते तेव्हा पायरीवर बसलेल्या बाईंचा आवाज ऐकू येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या विचारतात, "माझा कोट बघितला का रं कुणी?"

मित्रांनो, कपड्यांची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण त्या दिवशी सभागृहात तुमच्यापैकी कुणी हसले असेल, तर त्याने एवढे करावे. शिवकांताबाईंना सांगावे की कोट गाडीच्या डिकीत आहे. कोणत्या अवस्थेत, ते सांगू नये.